घाटाखालची वस्ती

लोणावळ्याच्या स्थानकातून मुंबईकडे निघालेली आगगाडी खंडाळा मागे टाकते आणि बोरघाटात शिरते. पावसाळ्याचे दिवस असले, तर डब्याच्या खिडक्यांतून धुके आत येते. एक बोगदा सरतो न सरतो तोच दुसरा येतो, आणि दोन बोगद्यांच्या मधल्या उजेडात खोल दरी व तिच्यापलीकडची कोकणची सपाटी क्षणभर दिसून नाहीशी होते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. कर्जतला गाडी पोचेपर्यंत त्यातली बहुतेक उंची उतरलेली असते, आणि थंडीसाठी अंगावर घेतलेली घोंगडी नकोशी होते.

हा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याआधी पाच वर्षे पुण्याहून येणारी गाडी खंडाळ्यापर्यंतच धावे. उतारू पालखीतून किंवा पायी घाट उतरत आणि पायथ्याशी पुन्हा गाडीत बसत. घाटातील २५ बोगदे खणताना साथींनी व अपघातांनी हजारो मजूर मरण पावले. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. परंतु त्यांनी केलेल्या वाटेने पुढच्या शंभर वर्षांत मावळातली किती मुले खाली उतरली, ह्याची गणती त्याहूनही अवघड आहे.

मावळ हा डोंगरी मुलूख. लोणावळ्यास वर्षाकाठी दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, पण तो सारा चार महिन्यांत. भात कापून, झोडून कणगीत पडले की पुढे पाच-सहा महिने शेतात फारसे काम उरत नसे. खाचरे लहान, वाटण्या होत होत ती आणखी लहान झाली. घरात तीन भाऊ असले, तर एकाने नांगर धरावा आणि दोघांनी मुंबई धरावी, असा जणू रिवाजच पडला. चौदा, पंधरा, अठरा वर्षांचा मुलगा फडक्यात भाकरी-चटणी बांधून निघे. त्याच्याजवळ कागद नसे. 'अमक्या गिरणीसमोर, तमक्या चाळीत, आपल्या गावची खोली' एवढा तोंडपाठ पत्ता असे, आणि तो पुरत असे.

मुंबईत उतरल्यावर ह्या मुलाला दोन गावांची नावे ऐकू येत. गिरगाव आणि गिरणगाव. उच्चाराने जवळची, पण वस्तीने निराळी. गिरगाव मलबार टेकडीच्या पायथ्याशी, चौपाटीच्या काठाला. तेथे कारकून, शिक्षक, छापखान्यातले कामगार, लहान दुकानदार ह्यांची बिऱ्हाडे. गिरणगाव त्याच्या उत्तरेला, भायखळा, लालबाग, परळ, वरळी, प्रभादेवी असे पसरलेले. १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी ताडदेव येथे पहिली कापडगिरणी उभारण्यास घेतली, आणि पुढे पन्नास वर्षांत धुराड्यांची रांगच्या रांग उभी राहिली. दोन्ही वस्त्यांत दाटी सारखीच होती. दोन्हीकडून थोडे चालले की समुद्र लागे.

गिरणगावातली 'गावची खोली' म्हणजे गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेली एकच खोली. तिला गाळा असेही म्हणत. लांबी-रुंदी दहा-बारा फूट, एका कोपऱ्यात मोरी, भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर पिशव्या, छताजवळ कपड्यांची वळणी, भिंतीशी एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या पेट्या. एवढ्या जागेत वीस-पंचवीस माणसे राहत. ती मावत कशी, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर गिरणीच्या भोंग्यात होते. दिवसपाळीची माणसे उठून गेली की रातपाळीची माणसे येऊन त्यांच्या जागी वळकट्या पसरीत. एका चटईला दोन धनी असत, आणि ती क्वचितच थंड होई. उन्हाळ्यात निम्मी माणसे खोलीबाहेरच्या सज्जात किंवा रस्त्याच्या कडेला झोपत. पहिला पाऊस पडला की ती आत येत आणि खोली एकदम अर्धी झाल्यासारखी वाटे.

ह्या वस्तीचे दुसरे लक्षण म्हणजे तिचे तरुणपण. म्हातारी माणसे गावी असत; काम होईनासे झाले की माणूस गावी परते. लहान मुले गावी असत, आणि बायकाही बहुतांशी गावीच असत. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सुमारे सव्वापाचशे आढळल्या, आणि शहरातील दर पाच माणसांपैकी चाराहून अधिक माणसे शहराबाहेर जन्मलेली निघाली. गिरणगावात तर हे प्रमाण डोळ्यांनीच दिसे. संध्याकाळी रस्ता भरून माणसे चालत, आणि त्यांत पांढरे केस शोधावे लागत. अशा वस्तीत उत्साह असतो, गाणे असते, कुस्ती आणि कबड्डी असते. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवणारे कोणी मात्र नसते. रात्रपाळीहून आलेला एखादा गाववाला त्याला चहा आणून देई आणि झोपी जाई. त्याचा तरी काय दोष!

जेवणाची सोय खाणावळीत होई. खाणावळ चालवणारी बाई बहुधा गिरणी कामगाराचीच पत्नी किंवा विधवा असे. स्वतःच्या एका खोलीत चूल मांडून ती वीस-तीस जणांना दोन वेळ जेवू घाली. पैसे महिन्याच्या पगारावर. कोणाला तिखट चालत नाही, कोण उपाशीच झोपला, कोणाचे गावाहून पत्र आलेले नाही, हे तिला ठाऊक असे. ह्या बायकांच्या कष्टांकडे बाहेरच्या जगाचे लक्ष फार उशिरा गेले. १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापून त्यांना बँकेची कर्जे मिळवून देण्यास आरंभ केला. तोपर्यंत सावकाराचे व्याज हेच त्यांचे भांडवल होते.

पुणे जिल्ह्याच्या ह्या डोंगरी भागातल्या मुलांनी जेवणाशीच जोडलेला आणखी एक उद्योग हाती घेतला. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे ह्यांनी शंभरेक माणसे जमवून घरचे जेवण कचेरीत पोचवण्याचे काम सुरू केले. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर ह्या तालुक्यांतली मुले एकमेकांच्या ओळखीने त्यात येत गेली. गिरगावातल्या स्वयंपाकघरातून निघालेला डबा स्थानकावर येतो, तेथे तो दुसऱ्याच्या हाती जातो, गाडीतून कोटात उतरतो, पुन्हा हात बदलतो, आणि जेवणाच्या सुट्टीला बरोबर त्याच माणसाच्या टेबलावर जाऊन बसतो. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली थोडी अक्षरे आणि आकडे असतात. तोच त्याचा पत्ता. आरंभी डबेवाल्यांपैकी कित्येकांना वाचता येत नसे, म्हणून ही खुणांची लिपी तयार झाली. तीस-चाळीस डब्यांची फळी डोक्यावर घेऊन गर्दीतून धावणारा पांढऱ्या टोपीचा माणूस, हे दृश्य मुंबईत इतके रुळले की तो घाटावरून आला आहे, हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. एरव्ही मात्र 'घाटी' ह्या शब्दाने मुंबईने त्याला पुष्कळ हिणवले.

समुद्राची गोष्ट वेगळी. पवनेत किंवा इंद्रायणीत डुंबलेल्या मुलाला पाणी नवे नव्हते. परंतु पलीकडचा काठ नसलेले पाणी त्याने पाहिलेले नसे. पहिल्या भेटीत तो ओंजळभर पाणी तोंडात घेऊन पाही आणि सोबती हसत. पण गिरणीतल्या माणसाला समुद्राकडे जाण्यास वेळ केव्हा मिळाला, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी गिरण्यांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली, अर्ज केले, सभा भरवल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तेव्हापासून रविवारी दुपारी वरळीच्या, दादरच्या, गिरगावच्या वाळूत माणसे दिसू लागली. मुंबईत जागेसाठी भाडे, पाण्यासाठी रांग, संडासासाठी रांग. समुद्रकाठी मात्र ना भाडे ना रांग. दहा फुटांच्या खोलीतून आलेला मुलगा तेथे हातपाय पसरून पडे. काहीच करीत नसे, नुसता पडे. आठवडाभर कूस बदलायलाही शेजाऱ्याची संमती लागणाऱ्या माणसाला ह्याचे मोल किती वाटत असेल, हे मोठ्या घरात वाढलेल्यांना समजणे कठीण आहे.

गिरगावची दाटी कुटुंबांची होती. तेथे चाळीचा सज्जा हा सगळ्यांचा दिवाणखाना. सकाळी नळावर भांडण, दुपारी निवडणटिपण, संध्याकाळी परवचा, रात्री गप्पा. आणि हे सारे एकाच लांब लाकडी सज्जात. दार दिवसभर उघडे. कोणाच्या घरी काय शिजते, कोणाचा मुलगा नापास झाला, कोणाची मुलगी पाहायला पाहुणे आले, ह्यातले काही गुप्त राहत नसे. गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. १९०१ साली लोकमान्य टिळक तेथे येऊन गेले. मूर्ती लहान, आरास साधी. पण व्याख्याने ऐकण्यास तरुण मुले सज्जांतून, जिन्यांवरून दाटी करीत. पुढे १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे मुंबईतच निधन झाले, तेव्हा त्यांचे अंत्यसंस्कार गिरगावच्या चौपाटीवर झाले, आणि भर पावसात ह्याच चाळी रिकाम्या होऊन माणसे समुद्राकडे लोटली. चाळीच्या ह्या जगाकडे पु. ल. देशपांडे ह्यांनी १९५८ साली 'बटाट्याची चाळ' ह्या पुस्तकातून हसत हसत पाहिले. त्या हसण्यात हळहळही होती.

परंतु दाटी ही नेहमीच हसण्याची गोष्ट नव्हती. १८९६ सालच्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा रोगी आढळला. अंधाऱ्या, कोंदट चाळींतून रोग वणव्यासारखा पसरला. काही महिन्यांतच शहरातली निम्म्याच्या जवळपास माणसे पळून गेली. गाड्या गच्च भरून घाट चढू लागल्या. १८९१ साली मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती, ती १९०१ साली ७ लाख ७६ हजार भरली. वाढत्या शहराची माणसे दहा वर्षांनी कमी व्हावी, ही साधी गोष्ट नव्हे. तेव्हा कोठे सरकारला जाग आली. १८९८ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. त्याने कोंदट गल्ल्या पाडून समुद्राचा वारा आत यावा म्हणून रुंद रस्ते काढले आणि काही चाळी बांधल्या. मात्र पाडलेल्या घरांतली जितकी माणसे उघड्यावर आली, तितक्यांना नव्या चाळींत जागा मिळाली नाही. ती शेजारच्या गल्लीत गेली, आणि तेथली दाटी वाढली.

१९२० नंतर मुंबई विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे २०७ चाळी उभारल्या. बी. डी. डी. चाळी म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. तीन मजले वर, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. भिंती सिमेंटच्या, पक्क्या. पण बांधणाऱ्यांनी राहणाऱ्यांना काय हवे ते विचारलेले दिसत नाही. आरंभी कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. १९३० च्या सुमारास कायदेभंगाच्या चळवळीत पकडलेल्या सत्याग्रह्यांसाठी वरळीच्या चाळींचा तुरुंग करण्यात आला होता! घर म्हणून बांधलेली वास्तू तुरुंगाच्या कामीही येते, ह्यातच तिची टीका आली. पुढे मुंबईतली घरटंचाई अशी वाढली की त्याच खोल्यांसाठी माणसे वशिले शोधू लागली.

दाटीत सगळे जवळ येतात असे म्हटले जाते. ते पुरतेपणी खरे नाही. चाळीही जातवार असत. गिरण्यांच्या विणकाम खात्यात पगार अधिक असे, परंतु तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ वाटे. खांद्याला खांदा लावून झोपणाऱ्या वस्तीतही मनात अशा भिंती होत्या.

त्याच परळात एक कुटुंब डबक चाळीतल्या एका खोलीत राहत होते. वडील सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. धाकटा मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात जाई. खोलीतच चूल, तेथेच जाते, तेथेच लाकूडफाटा, आणि एका कोपऱ्यात शेळी. दिवसा अभ्यास करणे अशक्य होते. म्हणून वडील मुलाला लवकर निजवीत, आपण रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग मुलाला उठवीत आणि त्याने सोडलेल्या जागेवर आडवे होत. शहर निजलेले असताना तो मुलगा मिणमिणत्या दिव्याशी वाचीत बसे. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. हाच मुलगा म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. पुढे परळच्याच सुधारणा मंडळाच्या चाळीत शेजारशेजारच्या दोन खोल्यांत त्यांचे वास्तव्य होते. परदेशातल्या मोठमोठ्या पदव्या घेऊन आल्यावरही ते तेथेच राहिले. कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांना भेटण्यासाठी त्या चाळीत आले होते. दोन खोल्यांपैकी एकीत संसार होता आणि दुसरीत पुस्तके.

सगळ्यांच्या वडिलांना दोन वाजेपर्यंत जागणे शक्य नव्हते. गाळ्यातल्या मुलांचे वडील तर घाटावर, शेतात. त्यांच्यासाठी रात्रशाळा निघाल्या. १९११ साली ना. म. जोशी ह्यांनी 'सोशल सर्व्हिस लीग' ही संस्था स्थापली. तिने कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. बारा तास साच्यावर उभा राहिलेला मुलगा हातपाय धुऊन पाटी घेऊन बसे आणि पेंगे. मास्तरही बहुधा दिवसा दुसरीकडे नोकरी करून आलेले असत, तेही पेंगत. तरीही त्यातून माणसे शिकली. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे ह्यांनी रस्त्यावर टाकून दिलेले एक मूल उचलून घरी आणले आणि वाढवले. ते मूल मोठे होऊन गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले. नारायण सुर्वे ह्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला कवितासंग्रह १९६२ साली प्रसिद्ध झाला, आणि गिरणगावची भाषा मराठी कवितेत आली.

ह्या वस्तीच्या गिरण्यांत जी वीज आली, तिच्याशी लोणावळ्याचा थेट संबंध आहे. टाटांच्या कंपनीने लोणावळ्याच्या परिसरात वळवण, लोणावळा आणि शिरवता येथे पाणी अडवले. ते पाणी नळांतून सतराशे फुटांहून अधिक खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडण्यात आले, आणि १९१५ साली तेथून तारांवाटे मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. मावळचा पाऊस आणि मावळची पोरे, दोन्ही एकाच घाटाने खाली जाऊन एकाच साच्याला जुंपली गेली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. त्याची किंमत डोंगरातल्या शेतकऱ्यांनी जमिनी देऊन चुकवली. शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ह्यासाठी सत्याग्रह झाला. धरण झालेच. ज्यांची खाचरे बुडाली, त्यांच्या मुलांना मुंबईची वाट धरण्यावाचून फारसे गत्यंतर उरले नाही.

तरुणांची दाट वस्ती लवकर पेटते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे दिसून आले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. त्यानंतरच्या महिन्यांत गिरगाव आणि गिरणगाव ह्या दोन्ही वस्त्या रस्त्यावर होत्या. एरव्ही कारकुनाची चाळ आणि कामगाराची चाळ एकमेकींकडे जरा परकेपणानेच पाहत. त्या दिवसांत दोन्हीकडची मुले एका मोर्चात चालली. शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

गिरणगावचा उतार १९८२ साली सुरू झाला. १८ जानेवारीस डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. आठवडे गेले, महिने गेले. खाणावळवाल्या बायकांनी कित्येकांना उधारीवर जेवू घातले, मग त्यांच्याही चुली विझू लागल्या. माणसे पेट्या उचलून गावी परतली. भात लावणीला हात मिळाले, एवढेच काय ते. हा संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. तो मिटलाच नाही, गिरण्या मिटल्या. धुराड्यांच्या जागी उंच इमारती आल्या, आणि भोंग्यावर झोपणारी-उठणारी वस्ती भोंग्यावाचून जागी होऊ लागली.

चाळीही आता जात आहेत. वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या जागी चाळीस मजल्यांचे मनोरे उभे राहिले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसांना प्रथमच घरातला संडास, स्वयंपाकघराचे दार, मुलांना अभ्यासाची खोली मिळाली. चाळीत कसे सगळे एकत्र राहत, ही आठवण काढून हळहळणारे पुष्कळ आहेत. त्यांतले बरेचसे चाळ सोडून फार पूर्वीच गेलेले आहेत. पहाटे चारला उठून नळावर हंडे भरलेल्या बाईला विचारले, तर ती किल्ली आधी मागेल. मात्र नव्या घरात सज्जा नाही, आणि दार लावून घेतले की शेजारी आजारी आहे की गावी गेला आहे हे कळत नाही, असेही तीच सांगेल.

डबेवाले अजून आहेत, पूर्वीइतके नाहीत. एके काळी त्यांची संख्या सुमारे पाच हजार सांगितली जाई. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे शहर बंद झाले, कचेऱ्या बंद झाल्या, डबे बंद झाले. प्लेगच्या वेळी जशी माणसे घाट चढून गेली होती, तशीच पुन्हा गेली. साथ ओसरल्यावर काही परत आली, काही गावीच थांबली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि तळेगाव-चाकणचे कारखाने झाल्यापासून मावळातल्या मुलाला समुद्रापर्यंत जाण्याची पूर्वीइतकी गरजही उरलेली नाही. पावसाळ्यातल्या रविवारी उलटाच देखावा दिसतो. समुद्राकाठच्या दाट वस्तीतली मुले गाड्या भरभरून लोणावळ्यास येतात आणि भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात खांद्याला खांदा लावून बसतात. धरणाच्या पायऱ्यांवर तेव्हा चाळीच्या जिन्याइतकीच दाटी असते.

चैत्रात मात्र जुनी वाट अजून जागी होते. गावोगावच्या जत्रा येतात आणि डबेवाले दरवर्षीप्रमाणे चार-सहा दिवस काम बंद ठेवून गावी निघतात. त्या दिवसांत मुंबईच्या कचेऱ्यांत पुष्कळांना बाहेरचे जेवावे लागते. त्याच सुमारास कार्ल्याच्या लेण्यांशेजारी एकवीरा आईची यात्रा भरते. ती कोळी आणि आगरी लोकांची कुलदैवता. ह्या शहराची चाळ नव्हती, गिरणी नव्हती, तेव्हापासून वरळीच्या आणि इतर कोळीवाड्यांतून समुद्रावर जाणारी ही माणसे पालख्या घेऊन, वाजतगाजत घाट चढून येतात. लोणावळ्याच्या स्थानकावर दोघांची गाठ पडते. एक आपल्या डोंगराकडे परतलेला, एक समुद्र सोडून डोंगराला आलेला. कोळी कार्ल्याची वाट धरतात, आणि पांढऱ्या टोपीचा माणूस पिशवीतून मुलांसाठी आणलेला खाऊ चाचपून पाहत, आपल्या गावाकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभा राहतो.